मक्सा

नोव्हेंबरात तुर्कूचा दिवस साडेचारच्या आत मिटतो,
गिऱ्हाईक आत असतानाच दुकानाचं शटर ओढावं तसा.
तुईरे हाल्मेला त्याचं सोयरसुतक नाही.
तिचं कामच मुळात अंधाराचं.
दाराखालची फट ती जुन्या टॉवेलनं बुजवते,
संगणकाच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावते,
मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकते.
काटे चमकतात त्याचे, उगाच.
मी आलोय कॅमेरा दुरुस्त करायला.
बाहेर उणे चार, कॅमेऱ्याच्या पोटात उणे सत्तर.

कुपीत पाणी दिसतं. नुसतं पाणी.
त्यात अब्जावधी कण आहेत यावर विश्वास ठेवायचा:
इटर्बियम, अर्बियम,
समुद्रापलीकडच्या एका स्वीडिश गावावरून पडलेली नावं.
खाण कधीच बंद झाली, गाव तेवढं तक्त्यात राहिलं.
तुईरे लेझर सुरू करते. तोही दिसत नाही.
न दिसणारं न दिसणाऱ्यात शिरतं
आणि कुपीत एक हिरवा दोरा ताणला जातो,
सुईत ओवण्याआधी ओठांत ओला केल्यासारखा.

हिशेब साधा आहे. दोन दुबळे किरण आत जातात,
एक धडधाकट बाहेर येतो.
दोघांच्या पगारात मिळून घरी एक शिलाई मशीन यावं, तसं.
मांसाला, कातडीला, केसांना ही युक्ती जमत नाही.
म्हणून देह काळाच राहतो,
आणि जे उजळतं ते आपणच पाठवलेलं असतं.
असं ओनेर्वाच्या प्रबंधात लिहिलंय.

उंदीर क्रमांक चौदा.
गरम गादीवर उताणा, नाकाशी भुलीची नळी, पोट भादरलेलं.
शेपटीच्या शिरेतून कण काल दुपारी गेले.
त्यांना पत्ता दिला होता: मांडीतली गाठ, वाटाण्याएवढी.
पत्ता म्हणजे कणांना जोडलेले प्रथिनांचे हात,
ओनेर्वानं सहा आठवडे खपून लावलेले.

पडद्यावर चित्र वरून खाली उतरत जातं.
काळं. काळं.
मग बरगड्यांखाली हिरवा भडका.

यकृत.
तेराव्यातही हेच. अकराव्यातही.
परकं जे येईल ते यकृत अडवून ठेवतं,
वेशीवरच्या जकात नाक्यासारखं.
"मक्सा," तुईरे म्हणते, थकून, जवळजवळ लाडानं.
फिनिशमध्ये मक्सा म्हणजे यकृत.
आणि मक्सा म्हणजे: पैसे टाक.
मी तिला सांगतो, आमच्याकडे खाटकाच्या दुकानात
यकृताला काळीज म्हणतात,
आणि ज्याला घरं पडतात, जे आईचं असतं,
तेही काळीजच.
"मग तुमच्या भाषेत आमचा प्रयोग यशस्वी झालाय,"
ती म्हणते. हसत नाही.

शेवटचं चित्र अकरा मिनिटांचं.
अकरा मिनिटं आम्ही दोघं खोकलाही गिळतो.
मांडीत, अगदी कडेला, काहीतरी.
नऊ ठिपके. पुसट. धुळीसारखे.
"गोंगाट आहे," मी म्हणतो,
"कॅमेऱ्याचा. उंदराचा नाही."
माझ्या यंत्राचे दोष मला पाठ आहेत.

तुईरे बोलत नाही.
हातमोज्यातल्या दोन बोटांनी उंदराला
भातुकलीतल्या बाहुलीला सरकवावं तसं
जरासं डावीकडे सरकवते.
पुन्हा अकरा मिनिटं.

ठिपकेही सरकलेले.

नोंदवहीत ती पेन्सिलीनं लिहिते:
यकृत, प्रखर. गाठ, आणि पुढे प्रश्नचिन्ह,
आणि त्या प्रश्नचिन्हाचा टिंब
जरा जास्त वेळ गिरवत राहते.

थांब्यावर दिवा नाही.
तिच्या कोटाच्या खिशातून दोरीला प्लास्टिकची खार लोंबतेय;
हिवाळ्यात इथं सगळ्यांच्याच कोटाला असं काहीतरी लोंबतं,
शाळकरी पोरांच्या, पाद्र्याच्या, दारुड्याच्याही.
बस वळणावर आली
आणि तिच्या गुडघ्यापाशी खार पेटली.
ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

माझं कार्ड यंत्रानं दोनदा नाकारलं.
मागून तुईरे म्हणाली, "मक्सा."